घर बांधताना राखलेलं झाड दोन-तीन वर्षांनी का वाळतं? कारण ओळखा, उपाय करा

घराचं काम सुरू करताना मालकांनी बजावून सांगितलेलं असतं, की परड्यातला आंबा तोडायचा नाही. झाडाला कुऱ्हाड लागत नाही. वास्तुशांत होते, त्या वर्षी आंब्याला कधी नव्हे एवढा मोहोर येतो. पुढच्या उन्हाळ्यात शेंडे वाळायला लागतात. त्यानंतरच्या पावसाळ्यात एक मोठी फांदी खाली येते आणि शेवटी झाड तोडणारा माणूस शोधायची पाळी येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही नव्या वसाहतीत फिरा, हीच हकीकत ऐकायला मिळेल. सोबत ठरलेली कारणंही ऐकायला मिळतात: कीड लागली, वय झालं, शेजाऱ्यानं बोअर मारली.

बहुतेक वेळा झाडाचा घात बांधकामाच्या पहिल्या काही आठवड्यांतच झालेला असतो. मोठ्या झाडाच्या खोडात आणि जाड मुळांत अन्नाचा साठा असतो, त्यावर ते दोन-तीन वर्षं तग धरतं. म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड कुणी घालत नाही. भरमसाट मोहोरसुद्धा अनेकदा झाड संकटात असल्याची खूण असते. घरच्यांना मात्र तो वास्तूचा शुभशकुन वाटतो.

मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. बांधकामात खोड सांभाळून झाड वाचत नाही, त्याच्या भोवतालची माती सांभाळावी लागते.

मुळं नेमकी कुठं असतात

जेवढं झाड वर तेवढंच खाली, हा समज अगदी पक्का बसलेला आहे आणि सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या फूट-दीड फुटात असतात, कारण हवा तिथंच खेळते. ती पसरतात आडवी आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. आपल्याकडं पश्चिमेला, खानापूरच्या बाजूला, तांबड्या मातीखाली थोडक्यात जांभा लागतो. तिथं मुळं आणखी वर राहतात. म्हणजे जेसीबीवाला "जरा वरवरचं साफ करतो" म्हणून जो फूटभर थर खरवडून नेतो, त्यातच झाडाचं पोट असतं.

किती जागा राखायची याला सोपा हिशेब आहे. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाभोवती फीता फिरवून घेर मोजा. त्याची चौपट म्हणजे राखायच्या वर्तुळाची त्रिज्या. घेर पाच फूट असेल तर खोडापासून वीस फूट. ब्रिटनमधलं बांधकामाचं मानक, बीएस ५८३७, खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्या धरतं. घेरात मांडलं की ते साधारण एवढंच येतं.

आता तीस बाय चाळीसच्या साईटवर एवढं वर्तुळ काढलं तर घर बांधायला जागाच उरत नाही, हे मलाही कळतं. म्हणून तडजोडीच्या दोन रेषा लक्षात ठेवाव्यात. घेराच्या दुप्पट अंतरापर्यंत एका बाजूनं खणावं लागलं आणि बाकी तिन्ही बाजू मोकळ्या राहिल्या, तर धडधाकट झाड बहुधा सावरतं. पण घेराएवढ्या अंतराच्या आत, म्हणजे पाच फूट घेराच्या झाडाला पाच फुटांच्या आत, कुठल्याच बाजूनं चर खणू नये. तिथली जाड मुळं झाडाला उभं धरतात. पावसाळ्यात आपल्याकडं वारा मुख्यतः पश्चिमेकडून लागतो. पश्चिमेच्या बाजूची जाड मुळं तुटलेलं झाड भिजल्या मातीत केव्हाही कोसळू शकतं, आणि ते पडतं घरावर, तारांवर किंवा माणसावर.

आधी लक्षणं वाचा

झाड वाळायला लागलं की लोक थेट औषधाच्या दुकानात जातात. त्याआधी झाडाखाली उभं राहून अर्धा तास घालवावा. बहुतेक गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसतात.

पहिल्यांदा बुंधा पाहा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीलगत रुंद होत जातो आणि मुळांचे फाटे सुटताना दिसतात. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत शिरत असेल, तर भोवती भराव पडलेला आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात ही तक्रार सर्वांत जास्त. तिथं भातशेतीच्या काळ्या जमिनीत प्लॉट पडले, पाणी साचतं म्हणून तीन-तीन फूट मुरूम टाकून साईट उचलली गेली आणि बांधावरचे जुने आंबे गळ्यापर्यंत पुरले गेले. वर रोलर फिरला की मुळांची हवा बंद. अशा झाडाची पानं पिवळी पडून अवेळी गळतात, बुंध्याची साल ओलसर होऊन कुजते, खणून पाहिलं तर मातीला आंबूस वास येतो. फणस यात सर्वांत आधी जातो, त्याला मुळाशी पाणी थांबलेलं अजिबात सोसत नाही. जांभूळ बराच काळ तग धरतं.

मग एक सळई घ्या. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती हातानं जमिनीत दाबा. फूटभर सहज गेली तर माती ठीक आहे. तीन-चार इंचांवर अडली आणि आपण चार ठिकाणी दाबून पाहिलं तरी अडतच राहिली, तर माती दबलेली आहे. टिपर, मिक्सर आणि जेसीबीच्या पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच बहुतेक दाब बसून जातो, आणि माती ओली असेल तर तो कितीतरी अधिक बसतो. मृग लागल्यावर साईटवर टिपर घालणं म्हणूनच सर्वांत वाईट. दबलेल्या मातीतलं झाड एकदम मरत नाही. पानं वर्षागणिक लहान होतात, शेंड्याकडच्या काटक्या उघड्या पडतात, खोडावर मात्र हिरवे धुमारे फुटतात. ते धुमारे पाहून झाड सावरलं असं वाटतं, पण वरचा भाग पोसता येत नाही म्हणून झाड खाली आधार शोधत असतं.

झाडाची एकच बाजू वाळत असेल, तर त्या बाजूला काय खणलं गेलं ते आठवा. कंपाउंडचा पाया, सेप्टिक टँक, ड्रेनेजची लाइन, रस्त्यावरची केबल. बहुतेकदा तिथंच उत्तर सापडतं.

नवी पानं फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर सिमेंटचा संशय घ्या. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) बारा-तेराच्या घरात, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. मिक्सर धुतलेलं पाणी, फरशी कापतानाचा गाळ, चुन्याची निवळी झाडाखाली ओतली गेली की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. आपली तांबडी माती मुळात किंचित आम्लधर्मी, इथली झाडं तिलाच सरावलेली.

बुंध्याशी अळंबीचे कडक थर आले असतील, डिंक वाहत असेल, भुसा पडत असेल, तर खोडकिडा आणि बुरशी आत शिरलेली आहे. पण बहुधा ते नंतर आलेले पाहुणे असतात. झाड अशक्त झाल्यावरच त्यांना दार उघडं मिळतं. नुसती किडीवर फवारणी करून मुळाशी दाबलेला मुरूम तसाच ठेवला, तर पैसे वाया जातात.

एखादी फांदी जिवंत आहे का हे पाहायला नखानं साल हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलं दिसलं तर जीव आहे.

सावली हीच अडचण

साईटवर झाड असलं की सगळं सामान त्याच्याखाली जातं. ऊन लागत नाही म्हणून सिमेंटच्या पोत्यांची शेड तिथं. पाण्याची टाकी तिथं. चिऱ्यांचा ढीग तिथं, सळई वाकवायचा बाक तिथं, गवंड्यांच्या गाड्या तिथं, दुपारच्या चुलीचा जाळसुद्धा तिथंच. सेंट्रिंगच्या तारा खोडाला आवळतात, खिळे ठोकून दिवे टांगतात. यात कुणाचा दुष्टावा नसतो. उन्हात राबणारी माणसं सावली शोधणारच. पण एखाद्या मोठ्या झाडाची सर्वांत नाजूक दोन-तीन गुंठे जमीन वर्षभर ओझ्याखाली, सिमेंटच्या पाण्याखाली आणि धुराखाली राहते.

यावर चालणारा उपाय एकच, काम सुरू होण्याआधी दुसरी सावली करून देणं. पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड साईटच्या दुसऱ्या टोकाला आधी उभी करा, पाणी तिथं द्या, मिक्सर धुवायला खड्डा तिथं काढून द्या. मग झाडाभोवती वर्तुळाच्या कडेनं बांबूचं किंवा पत्र्याचं कुंपण घाला. हे कुंपण जेसीबी साईटवर येण्याच्या आदल्या दिवशी उभं हवं. पाया झाल्यावर घातलेलं कुंपण कामाचं नाही, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नुसत्या खोडाला पोती गुंडाळून झाड वाचवलं असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यानं साल वाचते, मुळं वाचत नाहीत.

कुंपणावर पाटी लावायची तर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लावा. साईटवर राबणारे कितीतरी मजूर उत्तर कर्नाटकातले असतात. आणि जेसीबीच्या चालकाशी मालकानं स्वतः बोलावं, मेस्त्रीमार्फत निरोप धाडू नये. कुठून वळायचं, बकेट कुठं टेकवायची नाही, हे दाखवून दिलं तर तो माणूस जपून काम करतो, असा माझा अनुभव आहे.

गाड्यांना झाडाखालून जाण्याशिवाय वाटच नसेल, तर तेवढ्या पट्ट्यावर पाचोळ्याचा किंवा लाकडाच्या भुशा-ढलप्यांचा फूटभर थर टाकून वर जाड फळ्या किंवा लोखंडी प्लेटा अंथरा. काम संपल्यावर हे सगळं उचलता येतं.

खणावंच लागलं तर

कंपाउंडचा सलग दगडी पाया हे मुळं तुटण्याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत टाळता येण्याजोगं कारण आहे. झाडाजवळच्या तुकड्यात सलग पाया न घेता आठ-दहा फुटांवर खांब उभे करा आणि जमिनीच्या किंचित वरून बीम टाकून त्यावर भिंत घ्या. खांबाचा खड्डा हातानं खणा. जाड मूळ लागलं तर खड्डा फूटभर सरकवा. बीम आणि मूळ यांच्यामध्ये दोन-तीन इंच फट ठेवा, मूळ जाड होतं तेव्हा भिंत तडकत नाही. घराच्या त्या बाजूच्या कोपऱ्यालाही असंच करता येतं. तुमच्या इंजिनिअरला हे ठाऊक असतं, फक्त कुणी मागितलेलं नसतं.

पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या नळांना शक्यतो दुसरी वाट काढा. नाहीच जमलं तर मुळांच्या पट्ट्यात चर न खणता दोन-तीन फूट खालून आडवं भोक पाडून नळ ओढा. खर्च थोडा वाढतो. पण नंतर झाड तोडून उतरवायचा खर्च विचारून पाहा, मग तुलना करा.

मूळ तोडायचीच वेळ आली तर ते करवतीनं, सरळ आणि स्वच्छ कापा. जेसीबीची बकेट मूळ कापत नाही, ओढून फाडते, आणि ती फाट बुंध्यापर्यंत चिरत जाते. उघड्या पडलेल्या मुळांवर लगेच ओलं गोणपाट टाका आणि शक्य तेवढ्या लवकर माती लोटा. उन्हात उघडी राहिली तर बारीक मुळं एका दुपारी सुकून जातात. मुळं तुटली म्हणून वरच्या फांद्याही "तोलासाठी" छाटा, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानंच तयार करतात. वाळलेल्या आणि धोकादायक फांद्या तेवढ्या काढा.

नुकसान होऊन गेलं असेल तर

भरावापासून सुरुवात करा. खोडाभोवतीचा मुरूम हातानं, लहान खुरप्यानं काढत बुंध्याचा मूळचा रुंद भाग उघडा करा. हे काम भर उन्हाळ्यात करू नका. पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास करावं. जेवढा घेर मोकळा करता येईल तेवढा करा आणि कडेनं सिमेंटशिवाय कोरडा दगड रचा, म्हणजे पाणी निघून जाईल. खोडाभोवती पाणी साठेल असा हौद मात्र करू नका. भराव बरीच वर्षं जुना असेल आणि झाड ठणठणीत असेल तर मात्र हात लावू नका. वड-पिंपळासारख्या झाडांनी वरच्या थरात नवी मुळं काढलेली असू शकतात.

दबलेल्या मातीसाठी पहारीनं किंवा हाताच्या ऑगरनं (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटानं) दोन इंच रुंद, फूट-दीड फूट खोल भोकं पाडा. खोडापासून चार-पाच फूट सोडून सुरुवात करा आणि फांद्यांच्या कडेपर्यंत दोन-दोन फुटांवर जा. मूळ लागलं की बाजूला सरका. भोकांत जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट भरा. वर पाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर द्या, खोडापासून अर्धा फूट दूर ठेवून. परड्यातला पाला जाळणं थांबवून तोच इथं टाका. कुदळीनं खोल खणून माती भुसभुशीत करायचा मोह टाळा, उरलीसुरली मुळं त्यातच तुटतात.

सिमेंटचा गाळ दिसत असेल तर तो थर खरवडून साईटबाहेर न्या आणि त्या जागी चांगली तांबडी माती व शेणखत घाला. पेव्हिंग ब्लॉक खोडाला भिडलेले असतील तर निदान मीटरभर तरी काढा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. मोठ्या झाडाला तेवढंही अपुरंच. उरलेल्या जागेत ब्लॉकऐवजी खडी अंथरली तर पाणी आणि हवा आत जाते.

हेच देवळांच्या पारांबद्दल सांगावंसं वाटतं. गावोगाव जीर्णोद्धार होतात, पिंपळाखाली नवा पार बांधला जातो, आत मुरूम भरून वर बुंध्यापर्यंत ग्रॅनाईट बसवतात. ज्याला रोज पाणी घालतो, प्रदक्षिणा घालतो, त्याचाच श्वास आपण श्रद्धेनं कोंडतो, हे पाहून वाईट वाटतं. पार बांधा, पण आत माती मोकळी ठेवा, दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरू नका आणि बुंध्याभोवती मोठं आळं सोडा.

पाणी द्यायचं ते फांद्यांच्या कडेखाली, सावकाश, फूटभर माती भिजेल इतकं. फेब्रुवारीपासून वळीव नीट बरसेपर्यंत आठ-दहा दिवसांनी एकदा. रोज बुंध्यावर बादलीभर ओतण्यानं साल कुजते. युरिया देऊ नका, दुबळ्या मुळांवर त्यानं ताण येतो. सालीला झालेली जखम स्वच्छ करून बोर्डोपेस्ट लावा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचं नेहमीचं प्रमाण. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. ढोलीत सिमेंट भरू नका, जखमेवर डांबर फासू नका. नारळाचं गणित वेगळं आहे. त्याच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही, त्यामुळं त्याला खिळा आणि खाच मुळीच लागू देऊ नये.

इतकं केल्यावर फरक दिसायला दोन-तीन पावसाळे जातात. पानांचा आकार हळूहळू मोठा होतो, शेंड्याकडं नवी पालवी येते. तोवर औषधं बदलत बसू नका.

करार आणि परवानगी

नकाशा काढतानाच आर्किटेक्टला झाडाचं खोड, फांद्यांचा घेर आणि बुंध्याची पातळी दाखवायला सांगा. कॉन्ट्रॅक्टरच्या करारात कुंपणाची जागा, सामान ठेवायची जागा आणि नुकसान झाल्यास कापायची रक्कम लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या स्लॅबपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

आपल्याला लागू होतो तो कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ चा. कोल्हापूरच्या पाहुण्यांनी सांगितलेले नियम महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याचे असतात, ते इथं चालत नाहीत. आपल्या कायद्यानुसार शहरी भागात स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळ, नीलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा काही जातींना सूट आहे. या कायद्यात तोडण्याची व्याख्या रुंद आहे. साल गोलाकार कोरणं, फांद्या छाटणं, बुलडोझर घालणं, जाळणं, औषध घालून मारणं आणि अन्य प्रकारे इजा करणं, हे सगळं तिच्यात मोडतं. शेजारच्या साईटवर कुणी मुद्दाम मुळाशी काही ओतत असेल तर फोटो काढून लेखी तक्रार द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला तर टेबलावरून लवकर हलतो.

मोठं झाड उचलून दुसरीकडं लावायचा पर्यायही हल्ली सुचवला जातो. वड, पिंपळ, उंबर यांना तो बऱ्यापैकी मानवतो. जुन्या आंब्या-फणसाच्या बाबतीत मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. कित्येक महिने आधी मुळांभोवती टप्प्याटप्प्यानं चर काढून तयारी केलेली नसेल, तर ते बहुधा ट्रकमध्ये चढवतानाच मेलेलं असतं.

काही झाडं मात्र सोडूनच द्यावी लागतात. नव्यानं एका बाजूला कललेलं, बुंध्याशी जमिनीला अर्धगोल भेग पडलेलं, वाऱ्यात बुडख्याशी माती हलताना दिसणारं, किंवा निम्म्याहून अधिक फांद्या वाळलेलं आणि बुंध्यावर अळंबी आलेलं झाड घराजवळ ठेवू नये. तशी शंका आली तर परवानगीचा अर्ज मार्चमध्येच द्या. पाहणी, मंजुरी आणि तोडणं हे सगळं मृगाच्या आधी उरकायला हवं. मंजुरी मिळेपर्यंत त्या झाडाखाली गाडी लावू नका आणि वाऱ्या-वळिवात मुलांना तिकडं फिरकू देऊ नका.